हाडांचा हिशोब रक्तात सापडतो का?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षातल्या कोजागरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. काही सभासदांनी नंतर विचारलेल्या शंकांची उत्तरं त्यात मिळवली आहेत.)



रौप्यमहोत्सवाच्या निधीतून काय करायचं, यावर आपल्या दोन सभा झाल्या. रंगकाम झालं, स्मरणिका होते आहे. तिसरी सूचना आली ती साठीपुढच्या सगळ्या सभासदांची रक्ततपासणी करण्याची. सूचना चांगलीच आहे. तिच्यासोबत एका लॅबचं पत्रक आलं. त्यात साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड यांच्याबरोबर ‘हाडांचं पॅकेज’ असा एक रकाना होता. पत्रक वाचून तीन-चार जणांनी जिन्यात गाठून मला एकच प्रश्न केला, “साहेब, हाडं ठिसूळ झालीत की नाही, हे रक्तातून कळतं का?”

मी डॉक्टर नाही. पस्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली काही वेल्ह्यात आणि बरीचशी भोरला. पण हा प्रश्न आमच्या घरात आधीच येऊन गेलेला आहे. त्यामुळे त्यावर जे वाचलं, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून जे समजून घेतलं, ते साध्या भाषेत सांगतो. औषध कुणाला काय घ्यायचं, ते मात्र ज्याच्या-त्याच्या डॉक्टरांनीच सांगायचं.

आधी आजार काय ते बघू. इंग्रजीत ऑस्टिओपोरोसिस, मराठीत अस्थिसुषिरता. शब्द अवघड वाटतो, पण अर्थ सरळ आहे. हाडाच्या आतली जाळी विरत जाते, भोकं मोठी होत जातात. बाहेरून हाड तेवढंच दिसतं, पण आतून पोकळ होतं. आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे हे होताना दुखत नाही. गुडघे दुखतात ती झीज वेगळी, तो संधिवात वेगळा. पुष्कळ लोक गुडघेदुखीलाच हाडांचा ठिसूळपणा समजतात. ठिसूळपणा बोलत नाही. तो एकदम मोडूनच दाखवतो : मनगट, मणका, नाहीतर खुबा.

जगभरच्या आकडेवारीवरून आंतरराष्ट्रीय ऑस्टिओपोरोसिस फाउंडेशन सांगतं, की पन्नाशीपुढच्या दर तीन स्त्रियांत एकीला आणि दर पाच पुरुषांत एकाला आयुष्यात कधीतरी असं हाड मोडायला सामोरं जावं लागतं. म्हणजे हा फक्त बायकांचा आजार आहे, असं समजून पुरुष मंडळींनी मागच्या रांगेत गप्पा मारू नयेत. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला एक जण वर्षभरात दगावतो, असं वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत वारंवार आढळलं आहे. उरलेल्यांतले कितीतरी पुन्हा पूर्वीसारखे चालत नाहीत. आपली इमारत तीन मजली, लिफ्ट नाही. पंचवीस वर्षांपूर्वी ताबा घेताना आपण सगळे दोन-दोन पायऱ्या चढत होतो. आज निम्म्याहून जास्त घरांत सत्तरीच्या आसपासचं माणूस आहे. म्हणून हा विषय आजच्या दिवशी.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. रक्तातून हाडं कळतात का?

हाड म्हणजे विटा-सिमेंटसारखी मेलेली वस्तू नव्हे. ते जिवंत असतं. एका प्रकारच्या पेशी जुनं हाड खरवडून काढतात, दुसऱ्या प्रकारच्या पेशी तिथं नवं हाड भरतात. एका जागेचं खरवडणं दोन-तीन आठवड्यांत उरकतं, पण ती जागा पुन्हा भरायला तीन-चार महिने लागतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा नवा होतो. तिशीपर्यंत जमा जास्त, खर्च कमी. पुढे दोन्ही बरोबरीत. बाईची पाळी गेली की काही वर्षं खर्च एकदम वाढतो, कारण हाडांना राखणारं इस्ट्रोजेन कमी होतं. पुरुषांचं हळूहळू जातं, पण जातं.

शरीरातलं नव्व्याण्णव टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. मोठ्या माणसात ते साधारण एक किलो भरतं. रक्तात असतं ते अगदी चिमूटभर, पण त्या चिमटीवर हृदयाचे ठोके, स्नायूंचं आखडणं, नसांचं काम चालतं. म्हणून रक्तातलं कॅल्शियम शरीर इकडचं तिकडं होऊ देत नाही. मानेत, थायरॉइडच्या मागे, चार बारीक ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड. रक्तात कॅल्शियम जरा कमी झालं की त्या हाडांकडून काढून घेतात.

माझ्यासारख्याला हे समजायला वेळ लागला नाही. शाखेत काउंटरवर रोख कमी पडली की कॅशियर तिजोरीतून काढतो. काउंटरवर पैसे आहेत, गिऱ्हाईक खूश आहे. पण तेवढ्यावरून तिजोरीत किती शिल्लक उरली ते कळतं का? नाही कळत. तिजोरी तळाला गेली तरी काउंटरवर नोटा दिसतच राहतात. रक्तातलं कॅल्शियम म्हणजे काउंटरवरची रोकड. रिपोर्टात ते साडेआठ ते साडेदहाच्या मध्ये आलं आणि पुढे ‘नॉर्मल’ लिहिलं, तर त्याचा अर्थ पॅराथायरॉइड ग्रंथी आपलं काम चोख करताहेत एवढाच. हाडं मजबूत आहेत, असा त्याचा अर्थ नाही. ऑस्टिओपोरोसिस झालेल्या बहुतेक माणसांचं रक्तातलं कॅल्शियम नॉर्मलच असतं.

हे आमच्या घरात कसं घडलं ते सांगतो. माझी थोरली बहीण, आक्का, वेल्ह्याच्या बाजूला दिलेली. आता त्या तालुक्याचं नाव राजगड झालं, पण आमच्या पिढीच्या तोंडी वेल्हंच. लावणी, काढणी, डोक्यावर गवताचा भारा, चार बाळंतपणं. त्रेसष्टाव्या वर्षी ओसरीवरून उतरताना पाय घसरला आणि मनगट मोडलं. प्लास्टर झालं, रक्त तपासलं. कॅल्शियम बरोबर, बाकीही बरोबर. “रक्त चांगलं आहे” म्हणून सगळे निर्धास्त झाले. पुढच्या सहा वर्षांत आक्का हळूहळू वाकली. पूर्वी फडताळाच्या ज्या फळीपर्यंत सहज हात जायचा, तिथे जाईनासा झाला. लोक म्हणायचे, वय झालं. एकोणसत्तराव्या वर्षी रात्री उठताना अंथरुणात पाय अडकला, पडली, खुबा मोडला. नसरापूरमार्गे पुण्याला नेलं, ऑपरेशन झालं. तिथल्या डॉक्टरांनी हाडांची घनता मोजली, तेव्हा आकडा आला उणे साडेतीन. आणि मणक्याच्या फोटोत दोन जुने, दबलेले मणके दिसले. ते कधी दबले, ते तिलाही आठवत नव्हतं.

आक्का आहे. वॉकर घेऊन घरातल्या घरात चालते. पण ज्या बांधावर तिचं आयुष्य गेलं, तिथे ती पुन्हा गेली नाही. यात मी कुणाला दोष देत नाही. मात्र त्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला आपल्या सगळ्यांना सांगायचं आहे. पन्नाशीनंतर उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं, तर ते नुसतं पडणं समजायचं नाही. हाडांची चौकशी त्याच दिवशी सुरू करायची.

म्हणजे रक्ततपासणी निरुपयोगी का? तसंही नाही. इथे नव्या तपासण्यांचा भाग येतो, आणि पत्रकात ज्या इंग्रजी आद्याक्षरांनी लोक बुचकळ्यात पडले, तो हाच.

जुनं हाड खरवडलं जातं तेव्हा त्यातल्या कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तुकडे रक्तात येतात. त्यातला एक तुकडा मोजतात, त्या तपासणीला सीटीएक्स म्हणतात. हा झाला खर्चाचा आकडा. नवं हाड भरताना कोलॅजन तयार होतं, तेव्हा त्याच्या टोकाचा एक भाग सुटून रक्तात येतो. त्याला पी१एनपी म्हणतात. हा झाला जमेचा आकडा. या दोन्हींना मिळून हाडांच्या उलाढालीच्या खुणा म्हणतात. २०११ साली आंतरराष्ट्रीय ऑस्टिओपोरोसिस फाउंडेशन आणि प्रयोगशाळा-वैद्यकाची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी मिळून सुचवलं, की जगभर संशोधनात याच दोन खुणा प्रमाण धराव्यात, म्हणजे एका देशाचा आकडा दुसऱ्या देशाच्या आकड्याशी ताडता येईल.

आता नीट लक्ष द्या. या खुणा सांगतात ती उलाढाल. आज खात्यातून किती गेले, किती आले. खात्यात शिल्लक किती, हे त्या सांगत नाहीत. एखाद्या मोठ्या व्यापाऱ्याच्या खात्यात रोज लाखोंची ये-जा असते आणि तरी शिल्लक भक्कम असते. एखाद्या म्हातारीच्या खात्यात महिन्याला शंभरची नोंद असते आणि शिल्लकही शंभरच असते. नुसती उलाढाल बघून दोघांत सधन कोण, हे सांगता येत नाही. तसंच इथे. वाढत्या वयाच्या मुलांत या दोन्ही खुणा खूप जास्त असतात, आणि त्यांची हाडं उत्तम असतात. उलट कुणाची हाडं वीस वर्षांपूर्वीच विरून गेलेली असतील आणि आता उलाढाल मंदावलेली असेल, तर आकडा नॉर्मल येईल. म्हणून नुसत्या या खुणांवर आजाराचं निदान करत नाहीत. जास्त आला म्हणून घाबरायचं नाही आणि नॉर्मल आला म्हणून झोपायचं नाही.

शिवाय सीटीएक्सचा आकडा मोठा चंचल आहे. पहाटे तो चढलेला असतो, दुपारी उतरतो, खाल्लं की आणखी उतरतो. त्यामुळे रक्त रात्रभरच्या उपाशी पोटी, सकाळी लवकर द्यावं लागतं. पुन्हा तपासायचं तर तशाच वेळी आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये. कुठलंही हाड मोडलं असेल तर पुढचे कित्येक महिने या खुणा वाढलेल्या राहतात, कारण दुरुस्ती चालू असते. किडनीचा आजार असेल तर काही आकडे फसवे येतात. आणि केसांसाठी, नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी लॅबला ते आधी सांगावं, कारण काही पद्धतींच्या तपासण्यांत बायोटिनमुळे आकडा चुकतो. कॅम्पमध्ये सकाळी दहा वाजता चहा-बिस्किट खाऊन रांगेत उभं राहून दिलेल्या रक्तातून सीटीएक्सचा काही अर्थ निघायचा नाही.

मग या खुणा कशासाठी? उपचार सुरू झाल्यावर. हाडांचं औषध लागू पडतंय की नाही, हे घनतेच्या तपासणीत दिसायला वर्ष-दोन वर्षं जातात. पण हाडाची झीज थांबवणारं औषध लागू पडत असेल तर सीटीएक्स तीन महिन्यांतच बऱ्यापैकी खाली येतं. नाही आलं तर डॉक्टर विचारतात, गोळी घेताय ना? बरोबर पद्धतीने घेताय ना? म्हणून सुरुवातीचा एक आकडा आणि नंतरचा एक आकडा, अशी जोडी उपयोगी असते. एकट्या आकड्याला फारशी किंमत नाही. रक्तातली आणखी प्रथिनं, जनुकांचे बारीक तुकडे यांवर जगात बरंच संशोधन चालू आहे. उद्या एका थेंबात हाडं कळतीलही. पण आज तरी निदानासाठी रक्त हे घनतेच्या तपासणीला पर्याय नाही.

ती घनतेची तपासणी म्हणजे डेक्सा. आपल्याला त्यासाठी पुणं गाठावं लागतं. टेबलावर झोपायचं, वरून एक हात फिरतो, दहा-पंधरा मिनिटांत कंबरेचे मणके आणि खुबा मोजून होतो. सुई नाही, बोगद्यात जाणं नाही, आणि किरणं छातीच्या साध्या एक्स-रेपेक्षाही कमी. आकडा येतो त्याला टी-स्कोअर म्हणतात. तरुण, निरोगी हाडांच्या मानाने तुमचं हाड किती खाली, ते तो सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली हद्द आखून दिली. उणे एकपर्यंत ठीक. उणे एक ते उणे अडीचच्या मध्ये हाडं विरळ. उणे अडीच किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. टाच मशिनवर ठेवून करतात ती तपासणी कॅम्पमध्ये सोपी पडते, पण ती चाळणी झाली. तिच्यावर निदान किंवा औषध ठरवत नाहीत.

आपण सोसायटीवाले आहोत, म्हणून दुसऱ्या शब्दांत सांगतो. आदर्श उपविधीत लिहिलंय, की इमारत पंधरा ते तीस वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करायचं, तीस ओलांडली की तीन वर्षांतून एकदा. परवा रंग दिला म्हणून ऑडिट चुकत नाही. बीममधली सळई गंजली की नाही, ते रंगावरून कळत नाही. डेक्सा हे आपल्या सांगाड्याचं ऑडिट आहे.

ते कुणी करावं? साधारणपणे पासष्टीपुढच्या स्त्रियांनी आणि सत्तरीपुढच्या पुरुषांनी. त्याआधी कुणी करावं, तर पन्नाशीनंतर किरकोळ पडून हाड मोडलेलं असेल. पाळी पंचेचाळीशीच्या आत गेली असेल किंवा गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढलं असेल. दमा, संधिवात वगैरेंसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या असतील. आई-वडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला असेल. वजन फारच कमी असेल. विडी-सिगारेट किंवा दारू असेल. किंवा तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटरहून जास्त घटली असेल. हे प्रश्न एकत्र करून पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याचा धोका काढायची फ्रॅक्स नावाची पद्धत इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठात तयार झाली, २००८ पासून ती उपलब्ध आहे आणि तिच्यात भारतासाठी वेगळी सोय आहे. डॉक्टरांच्या मोबाइलवर पाच मिनिटांचं काम आहे. त्यात रक्ताचा एकही आकडा लागत नाही.

आणि डेक्सात हाडं कमी निघाली, की मग रक्त तपासायचं. तेव्हा रक्ताचं काम वेगळं असतं, कारण शोधायचं. कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, किडनीसाठी क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व, थायरॉइड, पॅराथायरॉइडचं संप्रेरक, आणि वयस्कर माणसात एखाद्या वेळी प्रथिनांची एक तपासणी, कारण मायलोमा नावाचा रक्ताचा कर्करोगही हाडं पोखरतो. म्हणजे रक्त लागतंच, पण क्रम उलटा आहे. आधी तिजोरी मोजायची, मग गळती कुठे आहे ते शोधायचं.

आता आपल्या भागाबद्दल दोन शब्द. इथल्या पुष्कळ लोकांची ठाम समजूत आहे, की हा शहरातल्या, घरात बसलेल्या बायकांचा आजार. तोरण्या-राजगडाच्या पायथ्याच्या, भाटघरच्या पाण्याकडेच्या बायका कष्टाच्या, त्यांना काय होतंय? वेल्ह्याच्या शाखेत असताना बचत गटाच्या बायका बाजाराच्या दिवशी दोन-दोन तास चालून यायच्या. मलाही वाटायचं, ही हाडं लोखंडाची. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. वीणा शत्रुघ्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब वस्तीतल्या तीस ते साठ वयाच्या स्त्रियांची हाडं मोजली आणि २००५ साली निष्कर्ष छापले. खुब्याच्या हाडात दर दहांमागे जवळजवळ तिघींना ऑस्टिओपोरोसिस निघाला. त्यांच्या रोजच्या जेवणातलं कॅल्शियम होतं पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. लागतं किती, तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला दिवसाला हजार मिलिग्रॅम. कष्टाने हाड घट्ट होतं हे खरं, पण भरायला माल नसेल तर गवंडी काय करणार? पुण्यातही जहांगीर रुग्णालयाच्या संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर आणि त्यांचे सहकारी मुलांच्या व स्त्रियांच्या हाडांवर वर्षानुवर्षं काम करत आहेत. हाडांची ठेव लहानपणीच भरायची असते, हे त्यातून कळतं. समोर बसलेल्या नातवंडांच्या आयांनी हे लक्षात ठेवावं.

आपला भाग भाताचा. आंबेमोहोर, इंद्रायणी, नाव काढलं तरी वास येतो. पण शंभर ग्रॅम तांदळात कॅल्शियम जेमतेम दहा मिलिग्रॅमच्या आसपास. त्याच आपल्या डोंगरउतारावर पिकणारी नाचणी, तिच्यात शंभर ग्रॅमला साडेतीनशे. गरिबाचं म्हणून आपणच ती ताटातून काढली आणि आता पुण्यातल्या मॉलमधून नाचणीची बिस्किटं आणतो. नाचणीची भाकरी, तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला, दही-ताक, आणि आज कोजागरी आहे म्हणून सांगतो, एक कप दूध म्हणजे साधारण अडीचशे मिलिग्रॅम. सोबत डाळ-उसळ, अंडी, चालत असेल त्यांना मासळी. हाडात नुसता चुना नसतो, प्रथिनांची जाळीही असते.

ड जीवनसत्त्व ही रक्तातून कळणारी आणि खरोखर उपयोगाची गोष्ट. इतकं ऊन असून आपल्या देशात त्याची कमतरता भरपूर आहे. पण त्यातही एक इशारा. साठ हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल डॉक्टर बहुधा आठवड्याला एक, ठरावीक आठवड्यांपुरती देतात. ती कुणी रोज घेऊ नये, शेजारणीला बरं वाटलं म्हणून मनाने वर्षभर चालू ठेवू नये. जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम खरोखर वाढतं आणि किडनी बिघडते.

औषधं आज चांगली आहेत. आठवड्याला एक गोळी असते, ती सकाळी उपाशी पोटी ग्लासभर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही. वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं औषध असतं. सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन असतं, ते मात्र मध्येच मनाने बंद केलं तर मणके एकामागून एक दबू शकतात. कोणतं कुणाला, ते डॉक्टर ठरवतील. दात काढायचा असेल तर ही औषधं चालू असल्याचं दाताच्या डॉक्टरांना आधी सांगायचं, एवढं मी नक्की सांगतो.

आता समितीपुढे माझी सूचना. पत्रकातलं हाडांचं पॅकेज घेऊ नये. साखर, क्रिएटिनिन वगैरे जरूर करावं. हाडांसाठी राखलेले पैसे तीन गोष्टींसाठी वळवावेत.

पहिली. प्रत्येक घराला एक पानाचा फॉर्म द्यावा. मघाशी सांगितलेले प्रश्न त्यात असतील. ज्यांची उत्तरं ‘हो’ येतील आणि ज्यांचं वय बसतं, त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी घ्यावी. मग एक गाडी करून सगळ्यांनी एका दिवशी पुण्याला जाऊन डेक्सा करून यावं. ज्यांना खर्च जड आहे, त्यांचा संस्थेने उचलावा. आणि या यादीत आपल्या घरी धुणं-भांड्याला येणाऱ्या मावशीही असाव्यात, अशी माझी विनंती आहे. पंचवीस वर्षं त्याही हाच जिना चढताहेत.

दुसरी. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, प्रत्येक वळणावर दिवा, आणि तळमजल्यावरच्या गुळगुळीत फरशीवर खरखरीत पट्ट्या. घराघरात संडास-बाथरूममध्ये हाताला धरायला भिंतीतली दांडी. हाडं ठिसूळ असली तरी माणूस पडला नाही, तर खुबा सहसा मोडत नाही. सगळ्यात स्वस्त औषध हेच.

तिसरी. या गच्चीवर सकाळी अर्धा तास. ऊन मिळेल, आणि खुर्ची धरून टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं, असे तोल सांभाळायचे साधे व्यायाम होतील. ज्यांचे मणके आधीच दबलेत त्यांनी पुढे वाकायचे व्यायाम करू नयेत, विचारून करावेत.

यातलं पहिलं काम मी अंगावर घेतो. फॉर्म मी छापून आणतो, घरोघर जाऊन भरून घेतो. दिवाळी झाल्यानंतरच्या रविवारी हजेरी लावतो. बाकी दोन कामांचा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत यावा. सूचक म्हणून माझं नाव लिहा. अनुमोदक कोण, ते आज खाली उतरण्यापूर्वी सेक्रेटरींना सांगा.